केमो-रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून काय काय करायचं, पहिल्यापासून सगळं

तुमची किंवा घरातल्या कोणाची कॅन्सरची ट्रीटमेंट सुरू होणार असेल तर हे आत्ताच वाचून घ्या, तोंड आल्यावर नको, कारण यातलं निम्म्याहून जास्त काम तोंड धडधाकट असतानाच करायचं असतं. मी स्वतः केमो घेतलीय आणि माझ्या काकांचं घशाचं रेडिएशन चालू होतं तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघायचं काम बरंचसं माझ्याकडेच होतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे इथलं काही तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याशी जुळत नसेल तर डॉक्टरांचंच ऐका.

आधी हे होतं का ते थोडक्यात. तोंडाच्या आतलं अस्तर एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं, म्हणजे तिथल्या पेशी भराभर वाढत असतात, आणि केमोचं औषध नेमकं भराभर वाढणाऱ्या पेशींनाच पकडतं. कॅन्सरची पेशी कुठली आणि गालाच्या आतली कुठली हे त्याला कळत नाही. जुनं अस्तर झिजतं, नवं तयार होत नाही, मग ते पातळ होऊन फाटतं. याला डॉक्टर म्युकोसायटिस म्हणतात. एरवी तोंड आलं की आपण बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतो, तसलं हे नाही, त्या गोळीने हे थांबत नाही.

केमोत साधारण डोसनंतर ५ ते १० दिवसांत तोंड यायला लागतं आणि दोन-तीन आठवड्यांत भरून येतं, मग पुढच्या सायकलला, म्हणजे केमोच्या पुढच्या फेरीला, पुन्हा तोच खेळ. डोक्या-मानेच्या रेडिएशनमध्ये वेगळं असतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, शेवटच्या सेशनपर्यंत वाढत जातं आणि रेडिएशन संपल्यावरही काही आठवडे राहतं. सगळ्या औषधांनी सारखंच होतं असंही नाही. ५-एफयू, मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, मोठ्या डोसमधलं मेलफलान ही यात बदनाम नावं. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "डॉक्टर, माझ्या औषधाने तोंड येतं का, आणि अंदाजे कितव्या दिवशी?" ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि एक खरं सांगते, सगळं नीट केलं तरी काहींना तोंड येतंच. काळजी घेतल्याने ते कमी येतं, कमी चिघळतं आणि त्यातून इन्फेक्शन व्हायचा धोका घटतो. एवढा फरकसुद्धा खूप मोठा असतो, कारण तोंड फारच वाईट झालं तर डोस कमी करावा लागतो किंवा ट्रीटमेंट मध्येच थांबवावी लागते.

१. ट्रीटमेंटच्या आधी डेंटिस्टकडे जाऊन या

वेळ असेल तर दोन ते चार आठवडे आधी. किडलेला दात, हलणारी फिलिंग, गालाला घासणारी दाताची टोकदार कड, हिरड्यांमधला पू, हे सगळं आधी उरकायचं. दात काढायचा असेल तर जखम भरायला वेळ लागतो, विशेषतः जबड्यावर रेडिएशन होणार असेल तर दात काढणं आणि पहिलं सेशन यात निदान दोन आठवडे जावे लागतात. कवळी सैल असेल तर तीही तेव्हाच दाखवा, सैल कवळी दिवसभर एकाच जागी घासत राहते आणि जखम बरोबर तिथेच होते.

बरोबर न्यायची कागदपत्रं:
- कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि ट्रीटमेंटचा प्लॅन (कुठली औषधं, रेडिएशन नक्की कुठे, कधी सुरू)
- अलीकडचा रक्ताचा रिपोर्ट, ज्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट आहेत तो
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ठळक
- हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल किंवा देणार असतील तर तेही सांगा, कारण त्या इंजेक्शननंतर दात काढला तर जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो

इथे लोक कुठे फसतात सांगते. आधी जायचं राहून जातं, मग केमो चालू असताना दात ठणकतो आणि माणूस परस्पर जवळच्या डेंटिस्टकडे जाऊन दात साफ करून किंवा उपटून येतो. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट, खाली असताना हे धोक्याचं आहे, रक्त थांबत नाही आणि इन्फेक्शन थेट रक्तात जाऊ शकतं. केमो चालू असताना दाताला हात लावायचा तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

२. सामान आणून ठेवा

फार काही लागत नाही:
- एकदम मऊ ब्रश, एक्स्ट्रा सॉफ्ट लिहिलेला, डोकं छोटं असलेला. दोन-तीन घेऊन ठेवा
- साधी फ्लोराइड टूथपेस्ट. व्हाइटनिंग नको, फार झणझणीत पुदिन्याची नको, जमलं तर फेस कमी होणारी, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली
- खाण्याचा सोडा आणि मीठ
- ओठांना लावायला साधा, वास नसलेला बाम
- छोटी टॉर्च (मोबाइलचीही चालते) आणि आरसा
- थर्मामीटर, हे विसरू नका
- पाण्याची बाटली, जी सतत हाताशी राहील

सोड्याबद्दल आत्ताच सांगून ठेवते. खाण्याचा सोडा म्हणजे बेकिंग सोडा. बेकिंग पावडर वेगळी, तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं. आणि धुण्याचा सोडा तर अजिबातच नाही, तो तोंड भाजून काढेल. घरात दुसरं कोणी सामान आणणार असेल तर त्याला पाकिटाचा फोटो पाठवा, तोंडी सांगण्यावर ठेवू नका.

३. ब्रश करायची पद्धत बदला

जेवणानंतर आणि झोपताना, हळू हाताने. आधी ब्रश कोमट पाण्यात अर्धा-एक मिनिट धरा, केस नरम पडतात. हिरडीपासून दाताकडे छोटे छोटे गोल फिरवायचे, करवतीसारखं आडवं घासायचं नाही. जीभही अगदी हलकी पुसून घ्या. झाल्यावर ब्रश नीट धुऊन उभा, उघड्यावर वाळत ठेवा, ओला ब्रश टोपीत बंद केला की जंतूंना बरंच फावतं. केस वाकडे झाले की ब्रश बदला, तोंडात बुरशी झाली असेल तर बरं झाल्यावर जुना ब्रश फेकूनच द्या.

फ्लॉसची, म्हणजे दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याची, सवय आधीपासून असेल तर चालू ठेवायला हरकत नसते, पण रक्त येत असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर थांबवा आणि विचारा. आधी कधीच केलं नसेल तर केमोत नव्याने शिकायला जाऊ नका. टूथपिक तर लांबच ठेवा.

तोंड दुखायला लागलं की लोक पहिलं काय करतात तर ब्रश बंद करतात. समजू शकते मी, पण ब्रश बंद झाला की दातांवर थर साचतो, जंतू वाढतात आणि जखम जास्त चिघळते. ब्रश सहनच होत नसेल तर नर्सला विचारून स्पंजची काडी घ्या किंवा स्वच्छ ओल्या गॉझने दात पुसा, पण काहीतरी कराच. लिंबू-ग्लिसरीनच्या काड्या मिळतात त्या मात्र नको, त्या तोंड अजून कोरडं करतात आणि झोंबतात.

कवळी असेल तर रात्री काढून ठेवायची, रोज घासायची. तोंड आलं की फक्त खाण्यापुरती लावा, आणि टोचत असेल तर तेवढीही नको.

४. गुळण्या: घड्याळ बघून करा, दुखण्याची वाट बघू नका

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही यातच होते, कारण साधं मीठ-सोड्याचं पाणी आहे, औषध वाटतच नाही.

प्रमाण असं: एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ, म्हणजे चमच्याचा आठवा भाग. चमचा म्हणजे चहाचा छोटा. दिवसभराचं एकदम करायचं असेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ, स्वच्छ झाकणाच्या बाटलीत. दुसऱ्या दिवशी उरलेलं ओतून द्यायचं आणि ताजं करायचं. मीठ अंदाजाने मूठभर टाकू नका, जास्त खारट पाणी झोंबतं आणि तोंड कोरडं करतं.

कशा करायच्या: एक मोठा घोट घ्या, दोन्ही गालांत खुळखुळवा, जिभेखाली फिरवा, निदान अर्धा मिनिट, मग थुंका. परत एकदा. गिळायचं नाही. घसा दुखत असेल तर शेवटचा घोट मान मागे करून घशात गुडगुड करा. शेवटी साध्या पाण्याची एक चूळ भरली तरी चालते.

किती वेळा: तोंड चांगलं असताना दिवसाला ४ ते ६ वेळा, म्हणजे उठल्यावर, प्रत्येक खाण्यानंतर, झोपताना. तोंड लाल व्हायला लागलं की जागे असताना दर एक-दोन तासांनी. उलटी झाली तर लगेच याच पाण्याने चूळ भरा, उलटीतलं आम्ल दातांवर आणि जखमांवर राहू देऊ नका, आणि ब्रश थोड्या वेळाने करा. मोबाइलमध्ये अलार्म लावा. काका अलार्म वाजला की "हो हो करतो" म्हणून बंद करायचे, मग मी बाटली आणि पेला त्यांच्या खुर्चीच्या शेजारीच ठेवायला लागले, सोबत थुंकायला एक भांडं, म्हणजे उठायचं कारणच नको. तेव्हापासून गाडी रुळावर आली.

आता यातले सापळे:

दुकानातला झणझणीत माउथवॉश नको. त्यात बहुतेक वेळा अल्कोहोल असतं, आधीच पातळ झालेल्या अस्तराला ते भाजतं आणि सुकवतं. बाटलीवर अल्कोहोल-फ्री लिहिलेलं नसेल तर हात लावू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडने रोज गुळण्या करायच्या भानगडीतही पडू नका, भरत आलेल्या जखमेला ते त्रास देतं.

क्लोरहेक्सिडीन हे जंतू मारणारं माउथवॉशचं औषध हिरड्यांसाठी चांगलं असलं तरी डोक्या-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंड येणं टाळण्यासाठी ते वापरू नये असंच म्युकोसायटिसच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन सांगतात. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी दिलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याच रेडिएशनवाल्यांना बेन्झिडामीनचा माउथवॉश मात्र देतात, त्याचा उपयोग होतो, पण तो तुम्हाला हवा का हे विचारून घ्या. आणि एव्हरोलिमसची गोळी चालू असेल तर तिच्यामुळे येणाऱ्या फोडांसाठी डेक्सामेथासोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या गुळण्या देतात, त्या आधीपासूनच सुरू करता येतात, म्हणून गोळी सुरू होतानाच विषय काढा. थोडक्यात, शेजारच्या बेडवरच्या पेशंटची बाटली उसनी घेऊ नका, त्याचं औषध वेगळं, त्याचं तोंड वेगळं.

५. केमो चालू असताना बर्फ

ऐकायला गंमत वाटते पण हे खरं आहे. बर्फाने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे रक्त कमी पोचतं, म्हणजे औषधही कमी पोचतं. औषध सुरू व्हायच्या ५ मिनिटं आधी बर्फाचे छोटे तुकडे तोंडात धरायचे आणि साधारण अर्धा तास चालू ठेवायचं, एक विरघळला की दुसरा, आणि गालापासून गालापर्यंत फिरवत राहायचं. टोकदार तुकडे नको, आधी पाण्यात बुडवून कडा बोथट करून घ्या. दात फार ठणकले तर थोडं थांबा आणि परत सुरू करा.

पण हे सगळ्यांसाठी नाही. जे औषध झटकन देतात आणि शरीरातून लवकर निघून जातं त्यालाच उपयोग होतो, जसं एका झटक्यात दिलेलं ५-एफयू किंवा मोठ्या डोसचं मेलफलान. तेच ५-एफयू पंपाने दोन-दोन दिवस हळूहळू जात असेल तर दोन दिवस कोण बर्फ चघळणार. आणि ऑक्सालिप्लॅटिन चालू असेल तर बर्फ अजिबात नाही, त्या औषधाने थंडीचा त्रास होतो, थंड लागलं की घसा आवळल्यासारखा होतो. काही शेड्यूलमध्ये ५-एफयू आणि ऑक्सालिप्लॅटिन दोन्ही असतात, म्हणून नर्सला विचारल्याशिवाय बर्फ आणू नका.

काही ठिकाणी तोंडावर कमी ताकदीच्या लेझरचा उपचारही करतात, मुख्यतः बोन मॅरो ट्रान्सप्लांट आणि डोक्या-मानेच्या रेडिएशनवाल्यांसाठी. तुमच्याकडे मिळतो का हे विचारायला काय जातंय.

६. रोज टॉर्च मारून तोंड बघा

रोज एकाच वेळी, ब्रश झाल्यावर, हात धुऊन. क्रम ठरवून टाका म्हणजे काही सुटत नाही: ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, जीभ वर करून खालची बाजू, जिभेच्या कडा, टाळू, जमेल तितका घसा. जिभेच्या कडा बघायला जिभेचं टोक स्वच्छ कपड्याने धरून हळूच बाजूला ओढा, तिथलं नुसत्या आ करण्याने दिसत नाही.

सुरुवात बहुतेक वेळा अशी दिसते: एखादी जागा बाकीपेक्षा लाल आणि चकचकीत, गरम चहा तिथेच झोंबतो. मग तिथे उथळ जखम, तिच्यावर पांढरट-पिवळट पापुद्रा. तो पापुद्रा खरवडू नका. दह्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि ते पुसले जाऊन खाली लाल दिसलं तर ती बुरशी असू शकते, तिच्यावर वेगळं औषध मिळतं, लगेच कळवा. नुसत्या गुळण्यांनी ती जात नाही.

डायरीत रोज एक ओळ लिहा: तारीख, दुखणं दहापैकी किती, आणि काय खाता आलं. डॉक्टर साधारण असाच हिशोब करतात. नुसतं लाल आणि हुळहुळतंय तर ग्रेड १, जखमा आहेत पण घट्ट अन्न खाता येतंय तर २, फक्त पातळ जातंय तर ३, तोंडाने काहीच जात नाही तर ४. फोनवर "खूप त्रास होतोय" म्हणण्यापेक्षा "कालपासून फक्त पातळच जातंय" असं सांगितलं की समोरचा पटकन हलतो.

७. खाणं, पिणं, ओठ

मऊ, ओलसर, कोमट. कुरकुरीत, तिखट, आंबट, गरमागरम बंद. दिवसभर थोडं थोडं पाणी, घशाला कोरड पडेपर्यंत थांबायचं नाही. सिगारेट, तंबाखू, दारू बंद, यावर चर्चा नाही. प्रोटीन पोटात जायला हवं नाहीतर जखम भरणार कशी, म्हणून डाएटिशियनला भेटाच, आणि डायबिटीस असेल तर गोड पातळ पदार्थांवर वेळ काढण्याआधी नक्की भेटा. ओठांना दिवसातून चार-पाचदा बाम लावा, पण त्याच भागावर रेडिएशन होणार असेल तर सेशनच्या आधी काय लावायचं आणि काय नाही हे तिथल्या स्टाफला विचारून ठेवा.

८. तोंड आलंच तर

ब्रश आणि गुळण्या चालूच. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्या, म्हणजे असर असताना जेवण होतं. काका सुरुवातीला गोळीच घ्यायचे नाहीत, "आत्तापासून खाल्ल्या तर पुढे काय खाऊ" म्हणायचे, आणि मग दुखतं म्हणून जेवण नाही, जेवण नाही म्हणून वजन खाली. शेवटी डॉक्टरांनीच समजावलं की गोळी न घेणं ही काही बहादुरी नाही. काहींना मॉर्फिनसारखं औषधही लागतं, त्याला घाबरू नका, डॉक्टर देखरेखीखालीच देतात.

बधिर करणारं लिग्नोकेनचं औषध दिलं असेल तर जपून. तोंड बधिर असताना गाल चावला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही, आणि घसा बधिर झाला तर ठसका लागू शकतो. अन्न किती गरम आहे ते आधी मनगटावर बघा, ताठ बसून खा, छोटे घास घ्या.

गोळ्या गिळता येत नसतील तर पातळ औषध मिळतं का विचारा. केमोची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कुटू नका, पूडही करू नका.

अजून एक, पॅरासिटामॉल घेण्याआधी प्रत्येक वेळी ताप मोजा. गोळीने ताप झाकला जातो आणि आत इन्फेक्शन वाढत राहतं. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन विचारल्याशिवाय नकोच, प्लेटलेट कमी असताना रक्त यायचा धोका असतो.

९. यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका

- ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त, किंवा थंडी वाजून हुडहुडी
- पाणीसुद्धा गिळता येत नाही, लघवी कमी आणि गडद होतेय
- तोंडातून रक्त येतंय आणि थांबत नाही
- श्वास घ्यायला किंवा लाळ गिळायला त्रास
- ५-एफयू किंवा कॅपेसिटाबिनच्या (शरीरात जाऊन ५-एफयूच होणारी गोळी) पहिल्याच सायकलमध्ये फार लवकर, फार जोरात तोंड आलं आणि सोबत जुलाब. काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं एन्झाइम कमी असतं आणि औषध साचत जातं. पुढची गोळी घेण्याआधी फोन करा, इथे तास महत्त्वाचे असतात

हॉस्पिटलचा इमर्जन्सी नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि फोन उचलणाऱ्याला पहिल्या वाक्यातच सांगा की केमो चालू आहे आणि शेवटचा डोस कधी झाला.

१०. डोक्या-मानेचं रेडिएशन असेल तर थोडं जास्तीचं

लाळग्रंथींवर रेडिएशन गेलं की लाळ आटते आणि लाळ नसली की दात भराभर किडतात. डेंटिस्ट साच्याचे ट्रे बनवून त्यात लावायला फ्लोराइड जेल देतात, ते कंटाळा न करता वापरा, रेडिएशन संपल्यावरही. चघळायला काही हवंच असेल तर बिनसाखरेचं. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून लवकर शिकून घ्या, एकदा जबडा आखडला की उघडायला फार त्रास होतो, आणि मग ब्रशसुद्धा आत जात नाही.

आणि जबड्यावर रेडिएशन झालेलं असेल तर ही माहिती आयुष्यभर जवळ बाळगायची. अनेक वर्षांनी दात काढला तरी तिथलं हाड भरून न येता सडू शकतं. त्यामुळे पुढे कुठल्याही डेंटिस्टच्या खुर्चीत बसलात की तोंड उघडण्याआधी रेडिएशनचं सांगा, आणि रेडिएशनची समरी, ज्यात कुठे किती डोस दिला ते लिहिलेलं असतं, तिची एक प्रत डेंटिस्टच्या फाइलला लावून द्या.